ट्रॅडिशनल कराटे क्लासमध्ये नेमकं काय चालतं, आणि चाळिशीत मुलीसोबत जावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४१, आयटीतली बैठी नोकरी, मुलगी नऊ वर्षांची. घराजवळच्या शाळेच्या हॉलमध्ये गोजू-र्यूचा, म्हणजे जपानच्या ओकिनावा बेटावरच्या एका कराटे शैलीचा, क्लास चालतो. दोघं बघायला गेले तर सगळे गुडघे मोडून जमिनीवर बसून वाकत होते, क्लास संपल्यावर चांगली मोठमोठी माणसं फडकी घेऊन फरशी पुसत होती, आणि कॉलेजमधला एक ब्लॅक बेल्टवाला पोरगा पन्नाशीच्या काकांना पाय कुठे ठेवायचा ते सांगत होता आणि काका निमूट ऐकत होते. हा पंथबिंथ तर नाही ना, बेल्ट कधी मिळतो, मार लागतो का, आणि दोघांनी एकत्र जॉइन करावं का.

जा. आधी उत्तर देऊन टाकतो, मग सविस्तर सांगतो. मी हेच गोजू-र्यू बरीच वर्षं करतोय आणि आता शिकवतोही, त्यामुळे थोडं पक्षपाती बोलणं होणार हे धरून चला. पण पैसे भरायच्या आधी अजून एकदा तासभर बसून बघा, आणि या वेळी सेन्सेईकडे, म्हणजे शिक्षकाकडे, बघूच नका. पाहुणे आले की सेन्सेई सगळीकडेच झकास दिसतो. तुम्ही मधल्या रांगेतले ग्रीन आणि ब्राऊन बेल्टवाले बघा, ते नव्या आलेल्या व्हाइट बेल्टशी कसे वागतात, जोडीला उभे राहिले की त्याला किती जोरात मारतात, चुकल्यावर हसतात का दाखवतात. कारण अशा शाळेत तुम्हाला कराटे शिकवतो तो सेन्सेई नव्हे, तुमच्या समोर जोडीला उभा असलेला माणूस शिकवतो. तीस-चाळीस जणांच्या क्लासमध्ये सेन्सेई तुमच्याजवळ येऊन काही मिनिटं बघणार आणि पुढे जाणार, उरलेला सगळा वेळ तुमचं मनगट ज्याच्या मनगटाला लागलेलं असतं तोच तुम्हाला घडवतो नाहीतर बिघडवतो. तुम्हाला जे जे विचित्र वाटलं, वाकणं, पुसणं, त्या पोराचं काकांना सांगणं, ते सगळं ह्याच एका कारणासाठी आहे.

क्लास कसा चालतो ते सांगतो. बेल्टप्रमाणे रांग लागते, गुडघ्यांवर बसून मोकुसो म्हणजे डोळे मिटून थोडा वेळ गप्प, मग समोरच्या भिंतीला रेई, म्हणजे वाकून नमस्कार, मग सेन्सेईला, मग एकमेकांना. समोरच्या भिंतीवर बहुतेक हिगाओन्ना कान्र्यो आणि मियागी चोजुन यांचे फोटो असतात. हिगाओन्ना चीनमध्ये फुचौला जाऊन शिकून आले आणि ओकिनावातल्या नाहा शहरात शिकवायला लागले, मियागी (१८८८ ते १९५३) हे त्यांचे शिष्य आणि त्यांनीच गोजू-र्यू हे नाव रुजवलं. फोटोला वाकणं ही पूजा नाही, आमच्याकडे सगळ्या धर्मांची पोरं आहेत आणि ज्याच्या घरी हे चालत नाही तो त्या वेळी नुसता ताठ बसतो, त्यावरून आजवर कधी वाद झाला नाही. एकमेकांना वाकणं मात्र कुणालाच माफ नाही, कारण त्यानंतर लगेच तुम्ही त्याच माणसाच्या पोटावर ठोसा मारणार असता.

मग जुन्बी उंदो, म्हणजे वॉर्म-अप. हा मियागींनी पद्धतशीर बसवलेला आहे आणि तो पायाच्या बोटांपासून सुरू होऊन वर मानेपर्यंत जातो. तुमच्यासारख्या दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला पहिला धक्का इथेच बसतो, पायाचा अंगठा बाकीच्या बोटांपासून वेगळा हलवा म्हटलं की तो हलतच नाही. त्यानंतर किहोन म्हणजे ठोसे, ब्लॉक, लाथा, आणि आठवड्यातून एखादा दिवस होजो उंदो, म्हणजे वजनांचा पारंपरिक व्यायाम. त्यात चिइशी नावाचं एक बुटकं अवजार असतं, लाकडी दांडा आणि त्याच्या एका टोकाला दगड. ते विकत घ्यायला कोण जातंय, आम्ही प्लॅस्टिकच्या डब्यात सिमेंट ओततो, त्यात फावड्याचा दांडा उभा करतो, दोन दिवस सुकू दिलं की झालं. निगिरी-गामे म्हणजे काठाला पाचही बोटांनी धरून उचलायच्या बरण्या, त्याला लोणच्याच्या जुन्या चिनी मातीच्या बरण्या वाळू भरून वापरतो. ओकिनावात कोंगोकेन नावाची लांबट गोल लोखंडी कडीही असते, ती मियागी १९३४ मध्ये हवाईला गेले होते तिथल्या कुस्तीगिरांकडे बघून त्यांनी आणली असं सांगतात, पण ती आमच्या हॉलमध्ये ठेवायला जागाच नाही, शाळेचा शिपाई आधीच बरण्यांवरून कुरकुर करतो.

मग काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली. गोजू-र्यूत मोजून बारा काता आहेत, गेकिसाईपासून सुपारिंपेईपर्यंत, आणि त्यातली एक सांचिन, जिच्यावर सगळी इमारत उभी आहे. बघायला सांचिन अतिशय कंटाळवाणी वाटते, मुलगी हमखास म्हणेल की बाबा हे काय करतायत. पावलं आत वळलेली, गुडघे जरासे आत, ढुंगण आत ओढलेलं, दोन्ही हात कोपरातून वाकवून समोर, आणि एकेक पाऊल अर्धगोलाकार टाकत, नाकाने श्वास घेत, तोंडाने सोडत, हळूहळू ठोसे. तीन पावलं पुढे, मग मागे. एवढंच. पण ते चालू असताना मागून एक सिनियर येतो आणि तपासतो, खांद्यांवर दोन्ही तळहात दाबतो, खांदे वर चढलेत का बघतो, मग मांडीवर थाप, पोटाच्या बाजूला थाप, कोपर बरगडीपासून किती लांब आहे ते दोन बोटं घालून बघतो. ह्याला शिमे म्हणतात. यूट्यूबवर ह्याचे व्हिडिओ आहेत ज्यात एक माणूस दुसऱ्याला फटाफट मारतोय असं दिसतं आणि खाली कॉमेंटमध्ये लोक वाहवा करतात, त्यातले बरेच नुसते तमाशे आहेत. चांगल्या सिनियरची थाप ही चौकशी असते. नव्या माणसाला तो नुसता हात ठेवून विचारतो, सहा महिन्यांच्या माणसाला हलकी थाप देतो, आणि ब्लॅक बेल्टला असा फटका देतो की आवाज हॉलच्या बाहेर जातो, आणि तिघांच्याही खांद्याला त्याने नेमकं तेवढंच दिलेलं असतं जेवढं ते झेलू शकतात. हे जजमेंट पुस्तकातून येत नाही, त्याच्यावर कुणीतरी असा हात ठेवला होता म्हणून येतं. तुम्ही बघायला बसाल तेव्हा सांचिन चालू असेल तर फक्त हा तपासणाऱ्याचा हात बघा, क्लासची सगळी कुंडली त्यात कळते.

दुसरी गोष्ट काकिए. दोघं समोरासमोर, मनगटाच्या बाहेरच्या बाजू एकमेकांना टेकवून, एकजण ढकलतो, दुसरा ते घेतो, वळवतो, परत ढकलतो, हात सुटू द्यायचा नाही. आमच्याकडे एक बँकेत काम करणाऱ्या ताई आहेत, पन्नाशीच्या पुढच्या, उंची बेताची. त्यांच्यासमोर जिम करणारा एक ब्राऊन बेल्टवाला पोरगा उभा राहिला की पहिल्या मिनिटात तो त्यांना दोन पावलं मागे ढकलतो, दुसऱ्या मिनिटात त्याला वाटायला लागतं की आपण जिंकतोय म्हणून तो अजून जोर लावतो, आणि तिथेच ताई कोपर थोडं खाली सोडतात, कंबर वळवतात आणि पोरगा स्वतःच्याच जोराने त्यांच्या खांद्यावरून पुढे जातो. त्या हसतसुद्धा नाहीत, परत मनगट लावतात. पुढच्या वेळी तो जोर कमी लावतो. मी त्याला दहा वेळा सांगितलं असतं की बाबा जोर कमी लाव, त्याने हो म्हटलं असतं आणि तेच केलं असतं. म्हणून मी काकिएच्या वेळी बोलत नाही, फक्त जोड्या लावतो, आणि जोड्या लावणं हे माझ्या मते सेन्सेईचं अर्धं काम आहे. कोण कुणाला घाबरतं, कोण कुणासमोर हिरोगिरी करतं, कुठल्या दोघांचं बाहेर काही बिनसलंय, हे माहीत नसेल तर जोड्या लावता येत नाहीत, आणि हे माहीत व्हायला क्लासबाहेरही त्यांच्याशी थोडा संबंध लागतो.

आता फरशी. कोल्हापूरकडचे लोक हे लगेच समजतील, तालमीत लाल माती उकरायची, मळायची, त्यात ताक-तेल घालायचं ते काम पैलवानच करतात, वस्ताद त्यासाठी गडी ठेवत नाही, आणि कुणालाही त्यात पंथ दिसत नाही. आमच्या फरशीचं तसंच आहे. सगळे अनवाणी असतात, त्याच फरशीवर पडतात, घाम गळतो, कुणाचं नख निघतं, ती पुसायला हवीच. फक्त एक गोष्ट तपासा, फडकं कुणाच्या हातात आहे. फक्त व्हाइट बेल्टवाले पुसतायत आणि ब्लॅक बेल्टवाले कोपऱ्यात मोबाइल बघतायत असं असेल तर ती शिस्त नाही, ती रॅगिंगची सभ्य आवृत्ती आहे. तुम्ही म्हणताय तिथे मोठी माणसं पुसत होती, म्हणजे बरं लक्षण आहे.

त्या पोराने काकांना करेक्शन देण्याचंही तसंच. डोजोत, म्हणजे कराटेच्या तालमीत, सिनियॉरिटी वयाची नसते, आधी कोण आलं त्याची असते, आणि आपल्याकडे ते पचायला जड जातं कारण आपण वयाला मान देण्यात वाढलोय. आमच्याकडे ह्यावर आपोआप एक देशी तोडगा निघालाय, तो पोरगा काकांना पाय कुठे ठेवायचा ते सांगतो पण त्यांना काकाच म्हणतो आणि अहोजाहोच करतो, आणि काका त्याला क्लासमध्ये सेनपाई, म्हणजे आधी आलेला सिनियर, म्हणतात आणि बाहेर टपरीवर अरे बाळा म्हणतात. जपानी मंडळींना हे ऐकून मजा वाटेल, पण चालतंय. मला स्वतःला तर भारतातल्या क्लासेसमध्ये उगाच जपानी बनण्याची हौस थोडी जास्तच दिसते, प्रत्येक वाक्याला ओस ओस करत सुटायचं. ओकिनावातल्या जुन्या डोजोंमध्ये ते फारसं ऐकूही येत नाही, तिथे साधं हाय म्हणतात, म्हणजे हो.

ह्यावरून एक मोठा गैरसमज काढतो, कारण 'ट्रॅडिशनल' हा शब्द आता बोर्डावर कुणीही लिहितो. बऱ्याच लोकांना वाटतं की लष्करी रांगा, जोरजोरात मोजणं, सेन्सेईचं ओरडणं म्हणजे परंपरा. उलट आहे. जुन्या ओकिनावात शिक्षक स्वतःच्या अंगणात चार-दोन विद्यार्थ्यांना शिकवायचा, प्रत्येकाला वेगळं. रांगा आणि आकड्यावर एकत्र ठोसे ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतोसु आन्को यांनी कराटे ओकिनावाच्या शाळांमध्ये नेलं तेव्हापासून आली, त्यांचं १९०८ चं दहा कलमांचं पत्र प्रसिद्ध आहे, त्यात सराव कसा करावा ह्याच्या सूचना आहेत आणि कराटे शाळांमध्ये शिकवावं असा आग्रहही आहे. शाळेत एकावेळी पन्नास मुलं सांभाळायची तर रांग हवीच. मग १९२२ मध्ये ओकिनावाचेच कराटे शिक्षक फुनाकोशी गिचिन तोक्योला गेले, पुढे विद्यापीठांच्या क्लबांमध्ये कराटे पसरलं, तिथे सिनियर-ज्युनियरचा कडकपणा अजून वाढला, आणि आपल्याकडे आलं ते बरंचसं ह्या वळणाचं. आजही नाहाच्या आसातो भागात जुन्दोकान नावाचा जो डोजो आहे, मियागींचे शिष्य मियाझातो एइइची यांनी १९५७ मध्ये बांधलेला, तिथली पद्धत अशी की माणसं आपापल्या वेळी येतात, कुणी चिइशी घेतो, कुणी कोपऱ्यात काता करतो, कुणी दोघं काकिए करतायत, आणि सिनियर माणूस फिरत फिरत येऊन एखाद्याच्या कमरेला हात लावून जातो. म्हणजे ओरडा कमी, शेजारी जास्त. आमच्या हॉलला वेळेचं बंधन असल्याने आम्हाला रांगा लावाव्याच लागतात, पण शेवटची वीस मिनिटं आम्ही मोकळी ठेवतो आणि खरं शिक्षण त्या वीस मिनिटांत होतं असं मला वाटतं.

बेल्ट. शेजारच्या क्लासमध्ये दर तीन महिन्यांनी परीक्षा असते आणि दीड-दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट, हे ऐकून मला काही नवल वाटत नाही, कारण परीक्षेची फी हेच त्या क्लासचं उत्पन्न असतं. बेल्टला एवढं डोक्यावर घ्यायचं कारण नाही, ही पद्धत मुळात ज्युडोची, तो सुरू करणाऱ्या कानो जिगोरोंची, आणि कराटेत फुनाकोशींनी १९२४ मध्ये पहिल्यांदा डान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पातळ्या, दिले. मियागींनी तर आपल्या ओकिनावातल्या विद्यार्थ्यांना हयातीत डानच दिले नाहीत असं त्यांचे शिष्य सांगत आलेत. आमच्याकडे नियमित येणाऱ्या मोठ्या माणसाला ब्लॅक बेल्टला साधारण पाच ते सात वर्षं लागतात, मुलांना त्याहून जास्त, आणि मिळाल्यावर त्याला पहिल्याच दिवशी सांगतात की आता सुरुवात झाली, जे ऐकून सगळ्यांचा मूड जातो. पण बेल्टचा एक खरा उपयोग आहे. हॉलमध्ये कुठल्याही अनोळखी माणसासमोर उभं राहिलात तरी त्याच्या कमरेकडे बघून कळतं की ह्याला किती जोरात मारायचं आणि ह्याच्याकडून किती सांभाळून घ्यायची अपेक्षा करायची. खोटा बेल्ट म्हणूनच धोकादायक असतो, समोरचा त्याच्यावर विश्वास ठेवून मारतो आणि ह्याला झेलता येत नाही.

मेडलचं विचारलं नाहीत तरी मुलीमुळे पुढेमागे विचाराल. तोक्यो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये झालं ते, कराटे होतं आणि ओकिनावाच्याच कियुना र्योने कातात गोल्ड घेतलं, पॅरिसला २०२४ मध्ये खेळ वगळला गेला. आमच्यासारख्या क्लासमधली मुलं स्पर्धांना जातात पण आम्ही त्यासाठी क्लास चालवत नाही. दहावीच्या ग्रेस मार्कांसाठी सर्टिफिकेट हवं म्हणून आठवीत आणून सोडणारे आणि दहावीचा निकाल लागला की मुलाला काढून घेणारे पालक भेटतात, त्यांच्याशी भांडून उपयोग नसतो.

क्लासबाहेरचं आयुष्य. ह्यात गूढ काही नाही, पण ते असतं, आणि ते नसलेला क्लास मी तुम्हाला सुचवणार नाही. पावसाळ्यात जाड कॅन्व्हासचा गी, म्हणजे कराटेचा पांढरा ड्रेस, तीन दिवस वाळत नाही, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाकडे ड्रायर आहे ह्याची चर्चा होते. गणपतीत हॉल मंडळाकडे जातो तेव्हा आम्ही कुणाच्या तरी सोसायटीच्या गच्चीवर करतो, खाली ढोल-ताशाची प्रॅक्टिस चालू आणि वर मोकुसो, डोळे मिटायचे कसे सांगा. रविवारी सकाळच्या लांब क्लासनंतर मिसळ, आणि तिथे सेन्सेई बिल देत नाही, प्रत्येकजण आपलं देतो, हा नियम मी मुद्दाम केलाय कारण नाहीतर कुणीतरी उपकारात राहतं. परीक्षेच्या दिवसांत दहावीच्या पोरांना इंजिनिअरिंगवाले सेनपाई गणित सांगतात. कुणाच्या घरी आजारपण आलं, रक्त लागलं, तर पहिले पाच फोन ह्याच लोकांना जातात. आणि हे प्रेमाबिमामुळे होतं असंही नाही, ज्या माणसाने दोन वर्षं तुमच्या नाकापासून एक इंचावर ठोसा थांबवलाय त्याच्यावर तुमचा विश्वास बसलेलाच असतो, मग बाकीची कामं सोपी जातात.

भांडणंही होतात, ती लपवत नाही. मियागी १९५३ मध्ये गेले तेव्हा त्यांनी वारस नेमला नव्हता असंच बहुतेक मानतात, त्यांचे शिष्य मियाझातो, यागी मेइतोकु, तोगुची सेइकिची, हिगा सेको ह्यांनी आपापले डोजो चालवले, पुढे हिगाओन्ना मोरिओंनी (भिंतीवरच्या फोटोतले हिगाओन्ना वेगळे) १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना काढली, आणि आज एकच काता चार ठिकाणी चार बारीक फरकांनी दिसते. आपल्याकडे तर फेडरेशनवरून फेडरेशन फुटतं. एखाद्या जिल्ह्यात दोन 'अधिकृत' संघटना असतील आणि दोघीही दुसरीला बोगस म्हणत असतील तर दचकू नका. तुम्हाला त्याच्याशी घेणंदेणं नाही, फक्त एवढं बघा की क्लासमध्ये हे भांडण मुलांसमोर चालतं का. दुसऱ्या स्टाइलबद्दल, दुसऱ्या सेन्सेईबद्दल दर क्लासला टोमणे ऐकू येत असतील तर ते वातावरण मुलीसाठी बरं नाही.

पंथ आहे का ह्याचं उत्तर इथेच देतो. वाकणं, पुसणं, सेन्सेई म्हणणं ह्यात पंथ नाही. पंथ ह्यात आहे: पालकांना बसून क्लास बघू देत नाहीत, दार लावतात. दुसरीकडे सेमिनारला गेलात तर राग येतो. 'का' विचारलं की वीस पुशअप. सेन्सेई तुमच्या घरच्या, लग्नाच्या, नोकरीच्या निर्णयात तोंड घालतो. फी नेमकी किती ते कागदावर मिळत नाही, आणि परीक्षेच्या आधी अचानक 'जपानहून येणाऱ्या सर्टिफिकेट'चे वेगळे हजारो रुपये निघतात. हे जुनं सर्टिफिकेटचं दुखणं आहे, ओकिनावाहून खरंच सर्टिफिकेट येतं आणि त्याला खर्चही असतो, पण तो आधी सांगता येतो. आणि मुलींच्या बाबतीत अजून एक, स्टान्स दुरुस्त करताना हात लावावा लागतो हे खरं आहे, पण विचारून, सगळ्यांसमोर, आणि शक्यतो बाई सिनियरने. तुम्ही मुलीला पहिल्याच दिवशी सेन्सेईसमोर सांगा की नको वाटलं तर नको म्हणायचं, कुणालाही. चांगला सेन्सेई मान डोलावेल. त्याचा चेहरा उतरला तर तिथूनच घरी या.

मार लागतो का? लागतो, निळं-काळं होतं, मनगटापासून कोपरापर्यंत पहिले दोन महिने जास्त, कारण हात एकमेकांवर आपटून घट्ट करायचा एक व्यायाम असतो, कोते-किताए. ऑफिसात फुल शर्ट घाला. मोठी दुखापत नियमित व्हायला लागली तर तो क्लासचा दोष आहे, तुमचा नाही. वयाचं तुमच्यासाठी: गुडघ्यांवर बसणं पहिल्या महिन्यात नाकी नऊ आणतं, पायाखाली टॉवेल घ्या किंवा सरळ मांडी घालून बसा, कुणी काही म्हणत नाही. बीपी असेल तर सांचिन सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा आणि सेन्सेईलाही सांगा, कारण अंग ताणून श्वास कोंडायची सवय लागली तर ती त्रासाची, आणि नवशिका हमखास कोंडतोच, तोंड लाल होतं आणि त्याला वाटतं आपण फार जोरात करतोय. मुलीला माकिवारा, म्हणजे ठोसे मारायची ती गवत गुंडाळलेली फळी, आणि कठीण फरशीवर मुठींच्या पुशअप वाढत्या वयात करू देऊ नका. मी माझ्या क्लासमध्ये सोळाच्या आत कुणाला माकिवाराला हात लावू देत नाही आणि पोरं चोरून मारतातच, तो भाग वेगळा.

आता दोघांनी एकत्र यावं का. या, पण रांगेत शेजारी उभे राहू नका. बापाला मुलीचा पाय वाकडा दिसला की तोंड उघडतंच, आणि एकदा तुम्ही तिला सांगायला लागलात की तिच्यासाठी तो क्लास घरचा अभ्यास होऊन बसतो. तिचा पाय बघायला सिनियर आहेत. सेन्सेईला सांगून जोडी नेहमी वेगळी लावून घ्या, वर्षातून एखाद्या वेळी एकत्र आलात तर मजा येते. आणि दुसरी गोष्ट, ती तुमच्या पुढे जाणार. मुलांना काता पटकन पाठ होतात, तुम्हाला रिलीजच्या आठवड्यात दोन क्लास बुडवावे लागतात, ती एकही बुडवणार नाही. वर्ष-दीड वर्षात ती तुमच्या पुढच्या रांगेत असेल आणि एखाद्या दिवशी सेन्सेई तिलाच सांगेल की ह्यांना गेकिसाईची वळणं दाखव. त्या दिवशी तुम्ही हाय म्हणून ऐकलंत तर तिला जे मिळेल ते कुठल्या बेल्टने मिळत नाही, आणि 'अगं पण' म्हणालात तर तिला तेही लक्षात राहतं.

खरेदीचं शेवटचं. गी पहिल्या दिवशी घेऊ नका, ट्रॅकपँट आणि टी-शर्टवर दोन आठवडे जा. मग सुती घ्या, हजार-दीड हजारात साधा मिळतो, एक साइज मोठा, कारण पहिल्या धुण्यात आखडतो, मुलीचा तर दोन साइज मोठा आणि बाह्या दुमडा. आत पांढरा टी-शर्ट. नखं कापलेली, घड्याळ-अंगठी-चेन घरी. आणि कितीही सवलत देत असले तरी फी महिन्याचीच भरा, वर्षाची नको.